गिळलेल्या स्वराचा खुलासा

सान लुकास तेपेतल,
नगरपालिकेसमोरच्या कमानी, टेबल क्रमांक तीन,
२० सप्टेंबर १९८३

प्रिय एवारिस्तोदादा,

तुझा मावसभाऊ हिलारियो याचा वाकून नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तू खुशाल असशील, मासळीच्या कारखान्यातल्या ओलाव्याने धरलेला तुझा खोकला गेला असेल आणि तू दोन्ही वेळ पोटभर जेवत असशील, अशी आशा करतो. (जेवणाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. त्याचं कारण पुढे येईल. ते येईपर्यंत कृपा करून जेवत राहा.) इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा, आमच्या तोमासा मावशीचा, गुडघा तू असताना जितका दुखायचा तितकाच दुखतो, जास्त नाही. माझंही बरं चाललं आहे, फक्त गेल्या महिन्यापासून टाइपरायटरवरचं 'ए' हे अक्षर दाबायची वेळ आली की बोट थरथरतं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजार बोटाचा दिसत नाही.

तू गेलास तेव्हा मी वीटभट्टीवर होतो, म्हणून आधी हे सांगायला हवं की मी आता रोसेन्दोमास्तरांच्या हाताखाली पत्रलेखक आहे. ज्यांना लिहिता येत नाही ते कमानीखाली येतात, बोलतात, आणि आम्ही ते टाइप करतो. माझी पाचवी अर्धीच झाली हे तुला ठाऊक आहे, पण शुद्धलेखनात मी वर्गात पहिला होतो, आणि मास्तरांनी मला त्यावरच ठेवून घेतलं. ते म्हणतात, या डोंगरात पत्रलेखकाचं निम्मं काम लिहिण्याचं आणि निम्मं काम लोकांच्या घशातून स्वर बाहेर काढण्याचं. ते खरंच आहे. तुमच्या एन्सेनादाला समुद्राकाठची माणसं म्हणे शब्द शेवटपर्यंत बोलतात. आपल्याकडे थंडीमुळे असेल किंवा आळसामुळे, पण शब्दाचा शेवट आला की आपण तोंड मिटून घेतो आणि शेवटचा स्वर आत जातो तो जातोच. ऐकणाऱ्याला संदर्भाने कळतं. कागदाला संदर्भ कळत नाही. तिथे काहीतरी एक छापावंच लागतं, आणि काय छापायचं हे टेबलामागे बसलेला ठरवतो. गेल्या वर्षी मे महिन्यात टेबलामागे मी बसलो होतो.

पण मे महिन्याआधी एप्रिल आला, आणि सगळा घोटाळा एप्रिलमध्ये सुरू झाला. एके दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मास्तरांनी मला नकारार्थी हुकुमाचा नियम शिकवला. ते म्हणाले, साधं बोलणं असेल तर क्रियापदाची शेपटी जागेवर राहते. पण 'नो', म्हणजे आपला नकार, लावून कुणाला मनाई केलीस की ती शेपटी उलटते. 'आ' असेल तिथे 'ए' येतो, 'ए' असेल तिथे 'आ' येतो. बस, एवढंच. दादा, तुला सांगतो, मला इतका आनंद आयुष्यात फार वेळा झालेला नाही. एवढी वर्षं मी बोलताना हे आपोआप करत होतो आणि त्यामागे नियम आहे हे मला माहीतच नव्हतं. (घरात विहीर असावी आणि आपण रोज नदीवर जावं, तसं.) त्या दिवशी घरी जाताना मला दिसेल ते क्रियापद मी मनातल्या मनात उलटून पाहत होतो.

आणि मग मला चुका दिसायला लागल्या. चौकातल्या बागेत नगरपालिकेची पाटी होती, तिच्यावर शेपटी न उलटता लिहिलं होतं. म्हणजे ती पाटी मनाई करत नव्हती, नुसती माहिती देत होती: हिरवळ तुडवत नाही. कोण तुडवत नाही? कुत्रा? अध्यक्ष? मी अर्ज केला, परवानगी घेतली, रंग घेतला आणि 'आ'चा 'ए' केला. पाटी म्हणू लागली, हिरवळ तुडवू नका. नगराध्यक्षांनी स्वतः माझ्याशी हस्तांदोलन केलं. (हिरवळ लोक अजून तुडवतात, पण आता ते नियमभंग करतात.) मला वाटतं, माझं डोकं त्या हस्तांदोलनाने फिरलं.

कारण दुसऱ्याच आठवड्यात मी फिलेमोन खाटकाच्या पाटीला हात घातला. त्याच्या दारावर होतं, 'शुक्रवारी मांस विकत नाही.' मी 'नो' पाहिला, क्रियापद पाहिलं, शेपटी जागच्या जागी पाहिली, आणि तो जेवायला गेला असताना त्याच्यावर उपकार म्हणून ती उलटून टाकली. तो परत आला तेव्हा त्याच्या दारावर लिहिलेलं होतं, 'शुक्रवारी मांस न विकूया.' तो सुरी घेऊन कमानीखाली आला. (सुरी त्याच्या हातात नेहमीच असते, तरीही.) सगळ्यांच्या देखत त्याने मला विचारलं, "विकत नाही हे माझं मी सांगतोय रे. तू कोण मला गळ घालणारा? पाद्री झालास का?" मास्तरांनी मधे पडून त्याला शांत केलं आणि मला एवढंच म्हणाले की नियम हातोड्यासारखा असतो, हातात आला म्हणून सगळीकडे खिळे दिसू देऊ नयेत. मी मान डोलावली. दादा, मला ते कळलं नव्हतं. मला वाटलं, मास्तर खाटकाला घाबरले.

आता मे महिना. जे लिहायला हे पत्र काढलं ते आता लिहितो, आणि लिहिताना तू हा कागद चुरगाळून फेकणार नाहीस असं धरून चालतो.

तू घर सोडलंस त्या दिवशी काय झालं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तू दारात उभा होतास, तुझ्या बाबांचा, म्हणजे वारलेल्या काकांचा, ट्रम्पेट टेबलावर ठेवून. बँडमध्ये त्यांच्या खुर्चीवर बसणार नाही म्हणालास, आणि मावशीला म्हणालास, तू बोलावशील तेव्हाच परत येईन. ती म्हणाली, मी बोलावणार नाही. दोघं एकाच मातीचे. त्यानंतर तुझा एक फोटो आला, पत्र नाही. सव्वा वर्ष ती तो फोटो घेऊन बसली. आणि मग मे महिन्यातल्या एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. इतर गिऱ्हाइकांसारखी बाकावर बसली नाही, उभीच राहिली. शाल ओढून घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "लिही त्याला."

तिने जे सांगितलं ते असं होतं. लिहीत नाहीस. औषधाच्या दुकानात फोन आहे, तिथे फोन करत नाहीस. फोटोत दिसतंय, जेवत नाहीस. बाबांसाठी मेणबत्ती लावत नाहीस. परत येत नाहीस. एवढंच. तिला 'ये' म्हणायचं नव्हतं, कारण ती म्हणणार नव्हती. आपल्याकडे मानी बाई तक्रार करते आणि ऐकणाऱ्याने ते बोलावणं समजायचं असतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त एवढं ऐकू आलं की वाक्यामागून वाक्य 'नो'ने सुरू होतंय आणि मावशी प्रत्येक क्रियापदाचा शेवटचा स्वर गिळतेय. पुढचे दोन दात पडल्यापासून तर ती दीड शब्द गिळते.

उदाहरणार्थ तिचं शेवटचं वाक्य घे. तिने म्हटलं, 'नो रेग्रेस्स.' 'रेग्रेसास' लिहिलं तर 'परत येत नाहीस.' 'रेग्रेसेस' लिहिलं तर 'परत येऊ नकोस.' 'नो' तक्रारीतही तोच आणि हुकुमातही तोच. दोहोंमध्ये फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर मावशीच्या पोटात. मी तिला विचारायला हवं होतं. पण माझ्याजवळ नियम होता. ज्याच्याजवळ नियम असतो तो विचारत नाही.

मी पाचही शेपट्या उलटल्या. फार काळजीपूर्वक, एकही खाडाखोड न करता. लिहू नकोस. फोन करू नकोस. फोटोत दिसतंय, जेवू नकोस. बाबांसाठी मेणबत्ती लावू नकोस. परत येऊ नकोस. (जेवणाच्या वाक्यापाशी मी थबकलो होतो, हे माझ्या बाजूने सांगतो. पण मावशीने मला फोटो दाखवला नव्हता. मला वाटलं, कारखान्यात मासळी फुकट मिळत असेल आणि तू सुटला असशील.)

आता तू म्हणशील, पत्र परत वाचून दाखवायची पद्धत आहे ना? आहे. मी वाचून दाखवलं. पण दादा, मीही याच डोंगरातला. वाचताना मीही स्वर गिळले. मावशीला तिचंच बोलणं ऐकू आलं, तिने मान डोलावली, पाकिटाला स्वतः जीभ लावली आणि म्हणाली, "बघू आता किती दिवसांत येतो ते." ती पंधरा दिवस धरून चालली होती.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मी लिहीत नाही. सकाळची बस आली की ती दारातली फरशी झाडायची. फरशी स्वच्छच असायची.

मग या ऑगस्टमध्ये तिच्या वाढदिवसाला तुझं पत्र आलं. ते माझ्याजवळच आहे आणि मला पाठ झालं आहे, तरी उतरवतो, म्हणजे तुझी खात्री पटेल की पोचलं. "आई, वाढदिवस म्हणून हा एक आज्ञाभंग. तू सांगितल्याप्रमाणे लिहीत नाही, फोन करत नाही, बाबांसाठी मेणबत्ती लावत नाही, परत येत नाही. जेवतो मात्र. तेवढं जमलं नाही, माफ कर." मी ते आधी मनात वाचलं. कोणती आज्ञा, कसलं सांगितल्याप्रमाणे, काहीच कळेना. मावशी गेल्यावर मी कपाट उघडलं. मी प्रत्येक पत्राची कार्बन नक्कल ठेवतो, तारीखवार. (याबद्दल मास्तर मला हसायचे. आता हसत नाहीत.) गेल्या वर्षाच्या मे महिन्याचा कागद काढला आणि पाच ओळी वाचल्या. या वेळी स्वर न गिळता वाचल्या. तेव्हा मला कळलं की तुझ्या आईने तुला एकदाच बोलावलं आणि ते बोलावणं मी मनाई करून पाठवलं.

मास्तरांना नक्कल दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मी म्हणालो, नियम तर तुम्हीच शिकवला होता. ते म्हणाले, "नियम हुकुमाचा होता. ती हुकूम देत होती हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, आया हुकूमच देतात. ते म्हणाले, "जवळ असलेल्या मुलाला देतात. लांब गेलेल्याला नाही रे." त्यानंतर त्यांनी मला महिनाभर फक्त जन्मदाखल्याचे अर्ज भरायला बसवलं, कारण त्यांत क्रियापदं नसतात.

तेव्हा दादा, हा माझा कबुलीजबाब. ते पत्र तुझ्या आईचं नव्हतं. अक्षरं माझी होती. तिच्या तोंडचं जसं होतं तसं आता वर लिहिलं आहे, ते तू पाचदा वाच. सव्वा वर्ष तू एका टाइपरायटरचा हुकूम पाळत होतास, आणि तो टाइपरायटर तुझ्या मावसभावाचा आहे याची मला फार लाज वाटते. माफी मागण्याइतका मी मोठा नाही, पण मागतो. या पत्रात 'नो'च्या पुढचं प्रत्येक क्रियापद मी तीनदा तपासलं आहे आणि एकदा मास्तरांकडून तपासून घेतलं आहे. तुझ्या प्रकृतीला जप. समुद्राच्या वाऱ्यात डोकं झाकून फिर. तुझ्या उत्तराची वाट पाहण्याचा मला हक्क नाही, म्हणून पाहतो असं लिहीत नाही, पण पाहतो.

तुझा अपराधी भाऊ,
हिलारियो

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहायचा धीर झाला नाही. तुझं ऑगस्टचं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं ते जसंच्या तसं नाही. ती या वेळी बाकावर बसली होती, शेजारच्या दोन बायका कान टवकारून, आणि तिघी माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी एकही शब्द खोटा घातला नाही. फक्त 'नो' वगळले, आणि आज्ञेची नि माफीची वाक्यं गिळली. लिहितो, फोन करतो, मेणबत्ती लावतो, परत येतो. 'जेवतो मात्र' हे एकच वाक्य तुझं म्हणून तसंच राहिलं. तिने विचारलं, कधी? माझ्या तोंडून निघून गेलं, सान लुकासच्या जत्रेला. (जत्रा अठरा ऑक्टोबरला असते हे तू विसरला नसशील.)

आता परिस्थिती अशी आहे. मागची खोली चुन्याने रंगवून झाली. तुझ्या खाटेचे पट्टे बदलले. जत्रेच्या मोलेच्या रश्श्यासाठी एक टर्की पाळला आहे, तो दिवसेंदिवस फुगतोय आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की त्याला सगळं माहीत असावं. मावशीने बँडवाल्यांकडे जाऊन सांगितलं की दुसऱ्या रांगेतली डावीकडची खुर्ची जत्रेत रिकामी ठेवा, बसायचं की नाही ते तो ठरवेल, मी आग्रह करणार नाही. हे तिने आपण होऊन सांगितलं, दादा. मी तिथे होतो. तेव्हा खरी विनंती ही: तू ये. माझ्यावर रागावून ये, मला मारायला म्हणून ये, पण अठरा तारखेच्या आधी ये. पत्र पोचायला बारा दिवस आणि बसला तीन, मी हिशेब केला आहे, तेरा दिवस हातात राहतात. नाही जमलं तर तार कर. तारेत 'नो' असेल तर ती मला उद्देशून कर, तिला नको.

आणखी ता. क. : पाकीट बंद करणार इतक्यात मावशी आली. कुणाला लिहितोस म्हणाली. मी म्हणालो, जन्मदाखल्याचा अर्ज आहे. ती म्हणाली, "चार पानांचा? कोण जन्मलंय, राजा?" आणि समोर बसली.

मग मी सगळं सांगितलं. मेमधलं आणि ऑगस्टमधलं. ऑगस्टमधलं तिला सांगावंच लागलं नाही. ती म्हणाली, "पत्र तीन ओळींचं होतं आणि तू ते अर्धी जपमाळ होईपर्यंत धरून बसलास. मला वाचता येत नाही, बाळा. बघता येतं." म्हणजे तू येणार नाहीस हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी विचारलं, मग खोली का रंगवलीस? टर्की कशाला? ती म्हणाली, "तू काहीतरी लपवतोयस ते कळत होतं. विचारलं असतं तर आणखी एक थाप मारली असतीस. चुना लावायला घेतला की तू घाबरशील, आणि घाबरलास की त्याला नीट पत्र लिहिशील, हे मला माहीत होतं. महिना लावलास. मला वाटलं आठवड्यात लिहिशील."

पण मेमधलं तिला ठाऊक नव्हतं. मी नक्कल पुढे केली, तिने ती हातात घेऊन उलटी धरली आणि पाचही ओळींवरून बोट फिरवलं. कोणती ओळ जेवणाची ते विचारलं. मी दाखवली. शेवटी म्हणाली, "लहानपणी त्याने माझा एक शब्द ऐकला नाही. आणि पाळून पाळून हा पाळला." हसली की काय ते मला नीट दिसलं नाही, तिने शाल तोंडावर घेतली होती.

मग म्हणाली, खाली माझ्याकडून एक ओळ घाल. मी यंत्रात कागद परत चढवला आणि सांगितलं, मावशी, या वेळी शेवटचा स्वर मला स्पष्ट सांग, 'आ' की 'ए', मी आपल्या मनाने काही करणार नाही. ती म्हणाली, त्याची गरज नाही, या ओळीत 'नो' घालायचाच नाही. तिने शाल खाली घेतली. या वेळी ती भिंतीकडे बघत नव्हती, यंत्राकडे बघत होती, जणू त्यातून तू बाहेर येणार होतास. आणि म्हणाली, "लिही. रेग्रेसा."

परत ये. शेवटचा 'आ' तिने पूर्ण म्हटला, इतका की टेबल क्रमांक एकवरचे मास्तरही लिहायचे थांबले. मी तो जसाच्या तसा उतरवला आहे. तपासला नाही.